बकरीला मोटर लागत नाही

पऱ्हाटीला किंमत नव्हती तोवर आमच्या गावात सगळे सुखी होते. कापसाचा शेवटचा वेचा झाला की शेतात उरलेली ती वाळकी झाडं म्हणजे निव्वळ कटकट. चिमट्यात खोड धरायचं, कंबर मोडेस्तोवर ओढायचं, उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर रचायची, चुलीपुरती घरी आणायची, चार भारे कुंपणाला लावायचे आणि राहिलेली एखाद्या संध्याकाळी काडी लावून मोकळं व्हायचं. कृषी खातं दरवर्षी सांगतं की शेत लवकर रिकामं करा, वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम ठोकते. हे शेतकरी ऐकत होता, अळीही ऐकत असावी, आणि दोघंही आपापल्या सोयीनं वागत होते. भांडण नाही, तंटा नाही.

या सुखात माझा मेव्हणा शिरला. तो पुण्याला असतो, तिथे नोकरी करतो असं हिच्या माहेरी समजतात, आणि उरलेल्या वेळात मला उद्योजक करायच्या मागे लागलेला असतो. गांडूळखत, अळिंबी, ड्रॅगन फ्रूट आणि मोत्यांची शेती हे टप्पे त्यानं माझ्या निवृत्तिवेतनाच्या भरवशावर केव्हाच ओलांडले होते. दिवाळीत तो मोबाइल घेऊन माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसला.

"जिजाजी, देशात दरवर्षी किती पऱ्हाटी निघते, आहे कल्पना? जवळपास तीन कोटी टन!"

"बरं."

"आणि आपण तिचं काय करतो? जाळतो!"

"मग काय करावं?"

"यंत्रात घालून तिच्या गोळ्या करायच्या. पेलेट."

"आणि त्या गोळ्यांचं?"

"जाळायच्या."

मी चहाचा घोट घेतला. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं, कारण तो घाईघाईनं म्हणाला, "तसं नाही हो. आत्ता आपण फुकट जाळतो. मग लोक विकत घेऊन जाळतील."

माझ्या मेव्हण्याची वाईट खोड अशी की त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नसतं. पार हवेतलं असतं तर माणूस वाचतो. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं २०२१ च्या ऑक्टोबरात धोरणच काढलं होतं की औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के अशा गोळ्या मिसळाव्यात. त्यासाठी 'समर्थ' नावाचं मिशनही आहे. पुढे हे प्रमाण २०२५-२६ पासून ७ टक्के करायचं ठरलं. शिवाय पऱ्हाटी काही गवत नाही, चांगलं लाकडाच्या जातीचं खोड आहे. तिच्यात किलोमागे ४,००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते, म्हणजे बऱ्याच देशी कोळशाशी तिची बरोबरी. अडचण एकच, तिचा फुगीरपणा. मोकळा पाला-कुटार घनमीटरला १०० किलोसुद्धा भरत नाही. दाबून गोळ्या केल्या की तेवढ्याच जागेत ६०० ते ७०० किलो बसतात. मेव्हण्यानं हे सगळं भिंग लावून दाखवलं. हीसुद्धा म्हणाली, "एवढं म्हणतोय तर बघून तरी या." या वाक्यानं आमच्या घरात आजवर जेवढा पैसा खर्च झाला, तेवढा लग्नकार्यातही झालेला नाही.

एका कृषी प्रदर्शनात यंत्र बघायला आम्ही तिघं गेलो. विक्रेता टाय लावून उभा होता. विदर्भात भर दुपारी टाय लावणाऱ्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. वरच्या तोंडातून भुसा आत जात होता, आत दोन रोलर एका भोकाभोकाच्या जाड पोलादी साच्यावर फिरत होते आणि खालून बोटाएवढ्या चकचकीत कांड्या टपटप पडत होत्या. त्यानं एक कांडी माझ्या हातावर ठेवली. "वाजवून बघा साहेब." वाजवली. खणखणली. मग त्यानं पाण्याचा ग्लास मागवला, कांडी त्यात टाकली, ती सरळ तळाशी गेली.

"बुडली म्हणजे पक्की. आत हवा नाही ना! पाण्यापेक्षा जड झाली."

"आणि डिंक, गोंद काय घालायचं?"

"काहीच नाही साहेब. झाडातच लिग्निन असतं. दाबानं तापलं, शंभराच्या वर गेलं की मऊ होतं, पसरतं, थंड झालं की घट्ट. निसर्गाचा फेविकॉल."

ही माझ्या कानाशी कुजबुजली, "अहो, ते टेबलाखालच्या गोणीतून काय काढतायत मघापासून?"

"टेक्निकल आहे ते," मी म्हणालो.

टेबलाखालच्या गोणीत आरा मशीनचा सागवानी भुसा होता. मैद्यासारखा बारीक, खडखडीत वाळलेला, एक खडा नाही, एक काडी नाही. असा माल घातला तर यंत्र काय, मीही कांड्या पाडीन. ही अक्कल पुढची. त्या दिवशी मी धनादेश लिहिला आणि मेव्हण्यानं माझा धनादेश लिहितानाचा फोटो काढला.

यंत्र गावी, माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या खोलीत बसवलं, कारण थ्री फेजची लाइन तिथेच होती. गिरणीचं दार उघडं दिसलं आणि आत मोटर घुमताना ऐकू आली, त्यासरशी गावातल्या बायका दळणाचे डबे घेऊन हजर. ज्वारी, गहू, कुणाची हळदसुद्धा. हे गिरणीचं यंत्र नाही, ह्यातून इंधन निघतं, असं मी समजावून सांगितलं. एक आजी सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "असू दे बापू, मले जरा जाडंच लागते."

आता माल पाहिजे. आमच्या धुऱ्याला धुरा लागून असलेले काकाजी गेली कित्येक वर्षं मला म्हणत, "तुमच्याकडं कोणी असन त आमचीबी पऱ्हाटी उचला ना बाप्पा, उपकार होतीन." मी ट्रॅक्टर घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकाजी ओसरीवर बसले होते. नेहमी मला बघून उठणारा माणूस बसूनच राहिला.

"पऱ्हाटी न्यायला आलोय काकाजी."

"न्या की. भाव काय देता?"

"भाव? तुम्ही तर पेटवून देत होता."

"ते आमचं आमी पेटवत होतो. तुमी कारखाना टाकला म्हनते."

तासाभरात गावाला कळलं की पऱ्हाटी हे सोनं आहे आणि साहेब ते लुटायला आला आहे. ज्यांनी आदल्याच आठवड्यात पऱ्हाटी जाळली होती ते भेटायला येऊन झालेल्या नुकसानीबद्दल हळहळू लागले, आणि माझ्याकडे असं बघू लागले की काडी मीच लावली होती. एकानं कुंपणाची पऱ्हाटी काढून आणली. रात्रीतून त्याच्या तुरीत कुणाच्या तरी म्हशी शिरल्या, तर त्या नुकसानीचाही विषय माझ्याच दाराशी.

ट्रॉलीवर भाव ठरवला. ट्रॉली आभाळाला टेकेल एवढी भरून यायची, तारांना लागायची, वळणावर पोरं ओरडत बाजूला व्हायची आणि काट्यावर चढवली की काटा हलू का नको असा विचार करायचा. आत सगळी हवा. पऱ्हाटी कशी रचली म्हणजे कमीत कमी पऱ्हाटीत जास्तीत जास्त ट्रॉली भरते, यात आमच्या गावानं दोन दिवसांत जे कौशल्य कमावलं ते एखाद्या स्थापत्य अभियंत्याला आयुष्यभर जमायचं नाही. मग मी म्हटलं, वजनावर घेऊ. वजन म्हटल्यावर पऱ्हाटीला पाणी सुटलं. कोरडवाहू शेतातून, मार्च महिन्यात, ओलीचिंब पऱ्हाटी येऊ लागली.

"काकाजी, ही ओली कशी?"

"दव पडलं ना रातीच्यानं."

"मार्चमध्ये? फक्त तुमच्याच गंजीवर?"

"आता देवाचं काय सांगता येते काय?"

आणि मुळं. चिमट्यानं उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाला ढेकळं असतात. पूर्वी लोक ती बांधावर आपटून झाडून टाकत. आता वजनाचा सौदा झाल्यापासून माती झाडणं बंद झालं. काळी, कसदार, विदर्भातली उत्तम जमीन मी किलोवर विकत घेत होतो. ह्या लोकांना दोष तरी काय देणार? सोयाबीन विकायला नेलं की ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला म्हणून भाव कापला जातो, काडीकचरा आहे म्हणून वजन कापलं जातं, हे वर्षानुवर्षं त्यांनी काट्याच्या अलीकडे उभं राहून सोसलं. काट्याच्या पलीकडे उभा राहिलेला एवढा बावळट गिऱ्हाईक त्यांना प्रथमच मिळाला होता.

बरं, हा ओलावाच या धंद्याचा प्राण. माल १० ते १२ टक्के ओला पाहिजे, फार तर पंधरा. त्याच्या वर गेला की साच्यातून कांडी बाहेर पडताच आतली वाफ फुस्सकन सुटते आणि कांडी फुगून केळफुलागत उमलते. खाली गेला तर लिग्निन मऊ होत नाही, नुसता धूर आणि भुगा. मी ओलावा मोजायचं यंत्र मागवलं. ते धान्यासाठीचं निघालं. त्यात पऱ्हाटीचा भुगा घातला तर ते मला मक्याचा ओलावा सांगायचं. शेवटी दादा पुढे झाला, एक काडी उचलली, दाताखाली धरून कडकन मोडली आणि म्हणाला, "अजून आठ दिवस वाळू दे." मेव्हण्यानं पुण्याहून विचारलं की टक्के किती. दादानं परत एक काडी चावली.

मग बारीक करायचं काम. कडबा कुट्टीत पऱ्हाटी घातली. पऱ्हाटीच्या सालीत ताग असावा तसा चिवट धागा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते सगळ्या गावाला माहीत होतं. ती साल सोलून निघाली, दांड्याला गुंडाळली, गुंडाळत गेली आणि थोड्या वेळानं दांड्यावर मनगटाएवढा दोर वळून तयार झाला. मोटर हुंकारली आणि थांबली. तालुक्याहून मिस्त्री आला. त्यानं तो दोर विळ्यानं कापून काढला, ताणून बघितला आणि म्हणाला, "साहेब, गोळ्याचं जाऊ द्या. दावं लय मजबूत होऊन रायलं हे."

अखेर एका सकाळी भुगा तयार झाला. नारळ फुटला. वहिनीनं यंत्राला हळदकुंकू लावलं. मेव्हणा खास आला होता, त्यानं बटण दाबलं. पहिली पंधरा मिनिटं खालून फक्त गरम भुसा पडला, म्हणजे जो वरून घातला तोच, फक्त तापवून. साचा तापायला वेळ लागतो. मग एक कांडी पडली. मग दोन. मग धारच लागली. जमलेली पोरं ओरडली, मेव्हण्यानं व्हिडिओ चालू केला आणि म्हणाला, "मित्रांनो, बघा, कचऱ्यातून..." एवढ्यात लाइट गेली.

लाइट जाणं हे आपल्याकडे संकटात मोडत नाही. पण या यंत्राचा एक नियम आहे. बंद करण्याआधी त्यात तेलकट भुसा फिरवून साच्याची भोकं मऊ मालानं भरून ठेवावी लागतात. ते केलं नाही, तर भोकात अडकलेला माल तिथल्या तिथे थंड होतो. आणि थंड झाला की घट्ट, हे टायवाल्यानं सांगितलंच होतं. फक्त कुठे घट्ट होतो ते सांगायचं राहिलं होतं. तासाभरानं लाइट आली तेव्हा साच्याच्या प्रत्येक भोकात एकेक अव्वल दर्जाची, बाजारात नंबर लागेल अशी टिकाऊ कांडी तयार होती. फक्त ती बाहेर येत नव्हती. मी, दादा आणि मिस्त्री असे तिघं साचा मांडीवर घेऊन ड्रिल आणि हातोडी लावून एकेक भोक मोकळं करत बसलो. मेव्हणा प्रकाश धरत होता. म्हणजे मोबाइलचा. त्यातूनच अधूनमधून शूटिंगही चालू असावं अशी माझी शंका आहे.

पुढच्या खेपेला आधी तेल लागणार होतं. वहिनीच्या फडताळातला शेंगदाणा तेलाचा डबा मी कुणाला न विचारता नेला. त्याबद्दल जे ऐकून घेतलं ते इथे छापण्यासारखं नाही.

यानंतर गावानं आपणहून तंत्रज्ञान पुरवायला सुरुवात केली. आपल्याकडे पैसे मागितले तर माणूस खिसा चाचपतो, पण सल्ला मागितला नाही तरी घरपोच येतो. कांड्या ठिसूळ होतात, हातात धरल्या की भुगा होतो, ही बातमी फुटल्यावर प्रत्येकाकडे आपापला गोंद होता. काकाजी म्हणाले शेण घाला. वहिनी म्हणाल्या, "शेणच घालायचं तर भाऊजी, सरळ गोवऱ्या थापा, मी शिकवते." एकानं चिकणमाती सुचवली. त्या कांड्या अशा टणक झाल्या की पेटल्याच नाहीत, भाजून निघाल्या. एकानं गूळ सांगितला. गुळाच्या कांड्या दिसायला देखण्या होत्या. रात्री गोणी भरून ठेवली, सकाळी मुंगळ्यांची रांग गिरणीपासून मारुतीच्या देवळापर्यंत होती, आणि गूळ तेवढा नेऊन त्यांनी बाकीचा माल आमच्यासाठी ठेवला होता.

निवृत्त गुरुजींचा सल्ला मात्र अभ्यासाचा होता. ते म्हणाले, "तुम्ही त्या पुण्याच्या आनंद कर्व्यांचं करून बघा. त्यांच्या आरती संस्थेला उसाच्या पाचटाचा कोळसा केल्याबद्दल २००२ मध्ये लंडनचं ॲश्डेन पारितोषिक मिळालं होतं. एक हेक्टर उसाचं दहा टन पाचट निघतं म्हणे. ते लोक आधी पाचट बंद पिंपात कोळपवतात, कोळशाची भुकटी करतात, मग खळ लावून कांड्या पाडतात."

"गुरुजी, कोळसा केला की त्यातलं लिग्निन जळून जातं, म्हणून तिथे खळ लागते. आपण कोळसा न करता..."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे."

"हो."

"मग होत का नाही?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पऱ्हाटीचं म्हणाल तर मुंबईला माटुंग्यात १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था आहे, नागपूरला तिचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे पऱ्हाटीपासून ब्रिकेट आणि पेलेट करून दाखवलेले आहेत. शास्त्र शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या गिरणीत मात्र शास्त्राला आधी दादाचे दात, काकाजींचं दव आणि लाइटची वेळ या तीन खात्यांतून मंजुरी घ्यावी लागत होती.

आणि एके दिवशी जमलं. एप्रिल संपत आला होता, उन्हानं पऱ्हाटीची पार काटकी झाली होती, दादानं चावून मान डोलावली, आरा मशीनचा थोडा भुसा मिसळला, आणि यंत्रातून खरोखर गुळगुळीत, तपकिरी, चकाकणाऱ्या कांड्या पडू लागल्या. मी एक ग्लासात टाकली. बुडाली. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. सगळा गाव बघायला आला. काकाजींनी एक मूठ कांड्या उचलल्या, तळहातावर पसरल्या, नाकाशी नेल्या, बराच वेळ विचार केला.

"लेंड्या हाय ह्या."

"काकाजी, पेलेट म्हणतात."

"ते असन. पण मले सांगा साहेब, ट्रॉली ट्रॉली पऱ्हाटी घालून, लाइट जाळून, मिस्त्री लावून शेवटी लेंड्याच पाडाच्या असन त आमची बकरी काय वाईट हाय? तिले ना मोटर लागत, ना सबसिडी. आन वरून दूध देते."

त्यानंतर माझ्या उद्योगाचं नाव गावात जे पडलं ते पडलं. चिठ्ठ्या, निरोप, अगदी मिस्त्रीचं बिलसुद्धा 'लेंडी कारखाना' या नावानं येतं.

आता पहिली कांडी पेटवायचा मान वहिनीला. त्यांनी चुलीत पऱ्हाटीऐवजी ओंजळभर कांड्या घातल्या आणि फुंकणी लावली. कांड्या राखेत बसल्या. वहिनी फुंकत होत्या, धूर येत होता. पेलेटला खालून हवा लागते, त्यासाठी जाळीची, पंख्याची शेगडी लागते, साध्या चुलीत ते एकमेकांवर पडून स्वतःच गुदमरतात. हे मी सांगेपर्यंत वहिनींचे डोळे लाल झाले होते, काही धुरानं, काही माझ्यामुळे. त्यांनी शांतपणे चुलीतल्या कांड्या चिमट्यानं बाहेर काढल्या, धुऱ्यावरून आणलेली अखंड पऱ्हाटी मोडून आत सारली. ती लगेच भडकली. त्या पऱ्हाटीचा एक पैसाही कुणाला द्यावा लागला नव्हता. "हिच्यात काही बिघडलं होतं का, भाऊजी?" त्या म्हणाल्या.

तरी मेव्हण्यानं धीर सोडला नाही. वीज केंद्राला माल द्यायचा तर टिकाऊपणाचा दाखला लागेल म्हणाला. ही परीक्षा मोठी मजेची आहे. अर्धा किलो कांड्या एका चौकोनी डब्यात घालतात, डबा मिनिटाला ५० फेऱ्यांनी दहा मिनिटं गरागरा फिरवतात, म्हणजे ५०० गिरक्या, मग ३.१५ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. लाकडी पेलेटच्या वरच्या प्रतीला शंभरातले सत्त्याण्णवच्या वर भाग शाबूत राहावे लागतात. आम्ही नमुन्याची गोणी प्रयोगशाळेकडे पाठवली. आमच्या फाट्यापर्यंत काळीपिवळी जाते. गोणी टपावर बांधली, तिच्यावर एक सायकल, सायकलीवर दोन कॉलेजची पोरं. रस्ता मी वर्णन करत नाही, ज्यांनी बघितला आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना बघायचा आहे त्यांना शोधावा लागेल. गाडी फाट्याला पोचली तेव्हा डब्याची परीक्षा, चाळणीची परीक्षा आणि वर सायकलीची परीक्षा अशा तिन्ही आटोपल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या साहेबानं गोणी उघडून आत हात घातला आणि फोन करून अदबीनं विचारलं, "हा पेलेटचा कच्चा माल आहे का? तयार नमुना कधी पाठवताय?"

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण जोरात चालला की तासाला ३०० टनांच्या आसपास कोळसा खातो. त्याचे ५ टक्के धरले तर १५ टन. भागाकार केला, सेकंदाला चार किलोच्या वर आलं. आमच्या यंत्राची ताकद बघता, सकाळपासून लाइट न जाता, दोर न वळता, भोकं न तुंबता, मुंगळे न येता आम्ही दिवसभर राबलो, तरी त्या बॉयलरला एक जांभई यायच्या आत आमचा माल संपला असता. हे मी मेव्हण्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मागणीचा प्रश्नच नाही!"

या माणसाचं मला खरंच कौतुक वाटतं.

सध्या यंत्र चालू आहे. तालुक्याच्या एका नाश्त्याच्या हॉटेलात भट्टीला पंखा आहे, तो मालक आमच्या कांड्या घेतो. राख कमी पडते आणि कढई लवकर तापते अशी त्याची तारीफ आहे, बाकी पैशाचं तो दर आठवड्याला पुढच्या आठवड्याचं सांगतो. उधारीपोटी माझा समोसा फुकट असतो. काकाजी आता आपल्या बांधावर पऱ्हाटी वाळवून, मुळाची माती झाडून देतात, कारण कुणीतरी त्यांच्या कानात घातलं आहे की शेजारच्या गावातही एक यंत्र येतंय आणि तिकडचा साहेब माझ्याहून हुशार आहे. मेव्हण्याला परवा कुठेतरी शेणापासून रंग करण्याचा कारखाना दिसला. मी फोन उचललेला नाही.

ज्यांना हा उद्योग करायचाच आहे त्यांना एवढंच सांगतो. पऱ्हाटी मे महिन्याच्या उन्हातच घ्या, भाव ट्रॉलीवर ठरवू नका, वजनावर ठरवलात तर ओलावा मोजल्याशिवाय गोणीला हात लावू नका, आणि मोजायचं यंत्र मिळालं नाही तर घरात कुणाचे दात शाबूत आहेत ते आधी बघा. साचा एक जास्तीचा ठेवा, तेलाचा डबा स्वतःचा ठेवा. गिऱ्हाईक पंख्याच्या भट्टीवालंच गाठा, वहिनीच्या चुलीला त्रास देऊ नका. यंत्र बघायला जाल तेव्हा सोबत आपल्या शेतातली पोतंभर पऱ्हाटी घेऊन जा आणि ती घालून चालवून दाखवा म्हणा. आणि बायकोला नक्की न्या. टेबलाखाली काय ठेवलंय ते तिला आधी दिसतं.